शाळेच्या वर्गातून हेलिकॉप्टरच्या आसनापर्यंत

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात झालेल्या अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यातील नद्यांना मोठे पूर आले. परंडा तालुक्यात पाण्याने वेढल्या गेलेल्या नागरिकांना हेलिकॉप्टरच्या साहाय्याने सुरक्षित स्थळी हलवावे लागले. पर्जन्यछायेचा आणि अवर्षणाचा जिल्हा म्हणून ज्याची सर्वत्र ओळख, त्या जिल्ह्यातील जनतेने या यंत्राचे मोल त्या दिवसांत प्रत्यक्ष पाहिले. जेथे रस्ता नाही, नाव पोहोचत नाही आणि विमानाला उतरण्यास जागा नाही, तेथे हेलिकॉप्टर पोहोचू शकते.

तसे पाहता हे यंत्र खेड्यापाड्यांतील लोकांना नवे राहिलेले नाही. निवडणुकीच्या सभांच्या निमित्ताने ते शेतात उतरलेले अनेकांनी पाहिले आहे. ते पाहण्यासाठी शाळेतील मुले धावत जातात, धुळीचा लोट अंगावर घेतात आणि आनंदाने परत येतात. मात्र ते चालविणाऱ्या माणसाच्या जागी आपणही बसू शकू, असा विचार त्या मुलांच्या मनात क्वचितच येतो. आलाच, तर त्याचे उत्तर देणारे माणूस गावात सहसा भेटत नाही. ‘त्याला फार पैसा लागतो’ एवढ्यावर विषय संपतो.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. खाजगी संस्थेत शिकून वैमानिकाचा व्यावसायिक परवाना मिळवावयाचा, तर कित्येक लाख रुपये खर्च येतो, आणि कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाला तो झेपणारा नाही. तथापि देशाच्या सशस्त्र दलांतून हेलिकॉप्टर वैमानिक होणाऱ्या तरुणास उड्डाणाच्या शिक्षणासाठी शुल्क द्यावे लागत नाही. त्या शिक्षणाचा भार शासन उचलते. उलट, दलात अधिकारी म्हणून नियुक्त होण्यापूर्वीच्या अंतिम वर्षाच्या प्रशिक्षणात त्यास सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा ५६ हजार १०० रुपये विद्यावेतन मिळते. येथे पैशाची जागा दुसऱ्या तीन गोष्टी घेतात : योग्य विषय, निरोगी शरीर आणि वेळेवर मिळालेली माहिती. पैकी पहिल्या दोन गोष्टी जिल्ह्यातील अनेक मुलामुलींजवळ असतात. तिसरी मात्र बहुधा उशिरा पोहोचते आणि तोवर एखादे दार कायमचे बंद झालेले असते. ही माहिती शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्यापर्यंत वेळेत जावी, हा या लेखाचा हेतू आहे.

यंत्र आणि ते चालविणारे हात

विमानाचे पंख स्थिर असतात. हवेतून वेगाने पुढे जात राहिल्यानेच त्याला उचल मिळते. हेलिकॉप्टरचे पंख म्हणजे त्याच्या माथ्यावर फिरणारी पाती होत. ती फिरत राहिल्याने यंत्र जागच्या जागी उभे उचलले जाते, हवेत स्थिर राहू शकते, मागे आणि बाजूलाही सरकू शकते. माथ्यावरची पाती एका दिशेने फिरू लागली की यंत्राचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. तो आवरण्यासाठी बहुतेक हेलिकॉप्टरांच्या शेपटीवर एक लहान पंखा बसविलेला असतो.

वैमानिकाच्या डाव्या हातात ‘कलेक्टिव्ह’ नावाचा दांडा असतो. त्याने सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी बदलतो आणि यंत्र वर किंवा खाली जाते. उजव्या हातातील ‘सायक्लिक’ दांड्याने यंत्र पुढे, मागे वा बाजूस झुकते. दोन्ही पाय शेपटीच्या पंख्याशी जोडलेल्या पायट्यांवर असतात. यांतील एक गोष्ट बदलली की उरलेल्या दोन्ही सावराव्या लागतात. त्यामुळे हवेत एका जागी स्थिर उभे राहणे, जे पाहणाऱ्यास सर्वांत सोपे वाटते, तेच शिकाऊ वैमानिकास सर्वांत अवघड जाते.

इंजिन बंद पडल्यास हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, असा एक समज आहे. वस्तुतः वैमानिकाने क्षणाचाही विलंब न लावता कलेक्टिव्ह खाली केला, तर खालून वर येणाऱ्या हवेच्या झोताने पाती फिरत राहतात आणि त्यांत साठलेल्या गतीचा उपयोग करून यंत्र जमिनीवर उतरविता येते. या क्रियेस ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात. हातांनी हे काम विचार करण्यापूर्वीच करावे, एवढी ती अंगवळणी पडेपर्यंत तिचा सराव करून घेतला जातो.

हवेची घनता हाही या विद्येतील महत्त्वाचा भाग होय. हवा विरळ झाली की पात्यांना मिळणारी उचल घटते आणि वाहता येणारा भार कमी होतो. सियाचीनमध्ये सुमारे २० हजार फूट उंचीवरील चौक्यांना रसद पुरविणाऱ्या ‘चीता’ हेलिकॉप्टरला म्हणूनच प्रत्येक फेरीत भाराचे काटेकोर गणित मांडावे लागते. ‘चीता’ हे मूळ फ्रेंच ‘लामा’ या यंत्राचे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने भारतात बनविलेले रूप आहे. त्याच ‘लामा’ने १९७२ मध्ये १२ हजार ४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. उष्णतेनेही हवा विरळ होते. एप्रिल-मे महिन्यांतील मराठवाड्याच्या तापलेल्या दुपारी हेलिकॉप्टर हिवाळ्यातील सकाळपेक्षा कमी भार उचलते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील दाब, घनता आणि तापमान यांचा संबंध येथे माणसांच्या जिवाशी जोडला जातो.

वैमानिक हा प्रथम अधिकारी

भारतीय वायुदलात पहिले हेलिकॉप्टर १९५४ मध्ये आले. १९७१ च्या डिसेंबरमध्ये पूर्व आघाडीवर पूल उडवून दिलेली मेघना नदी आपल्या सैनिकांनी हेलिकॉप्टरांतून ओलांडली, तेव्हा युद्धातील त्याचे सामर्थ्य सर्वांच्या लक्षात आले. पुढे एअर चीफ मार्शल फली मेजर यांच्या रूपाने २००७ मध्ये प्रथमच एक हेलिकॉप्टर वैमानिक वायुदलाचा प्रमुख झाला. आज ‘चेतक’, ‘चीता’, ‘ध्रुव’, ‘एमआय-१७’, ‘चिनूक’, ‘अपाचे’ आणि २०२२ मध्ये वायुदलात दाखल झालेले स्वदेशी ‘प्रचंड’ अशी अनेक प्रकारची यंत्रे सशस्त्र दलांजवळ आहेत.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. भारतात ‘हेलिकॉप्टर वैमानिक’ या पदाची थेट भरती होत नाही. अमेरिकेच्या सैन्यात शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या तरुणासही वॉरंट अधिकारी म्हणून थेट हेलिकॉप्टर प्रशिक्षणासाठी निवडले जाऊ शकते. आपल्याकडे तशी पद्धत नाही. येथे वैमानिक हा प्रथम सशस्त्र दलाचा राजादिष्ट नव्हे, तर राष्ट्रपतींच्या आदेशाने नियुक्त झालेला अधिकारी असतो. तो कोणते यंत्र चालविणार, हे त्याची इच्छा, कल आणि दलाची गरज पाहून नंतर ठरते. पहाटे तुळजापूर, उमरगा किंवा कळंबच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणारा तरुण शिपाई वा अग्निवीर होण्याची तयारी करीत असतो. ती वाट तितकीच सन्मानाची आहे, पण वैमानिकाची वाट वेगळी आहे, हे त्यास कोणीतरी सांगावयास हवे.

तीन दले, तीन मार्ग

वायुदलात निवड झालेल्या छात्राचे उड्डाण प्रशिक्षण हैदराबादजवळील दुंडिगल येथील वायुदल अकादमीत सुरू होते. पिलाटस विमानावरील प्राथमिक टप्प्यानंतर छात्रांची लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर अशा तीन शाखांत विभागणी होते. हेलिकॉप्टर शाखेतील छात्र हकीमपेट येथील हेलिकॉप्टर प्रशिक्षण केंद्रात ‘चेतक’ यंत्रावर शिकतात. नळदुर्ग आणि उमरगा ही गावे ज्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहेत, तोच महामार्ग या दोन्ही संस्थांच्या परिसराकडे जातो. शेजारच्या बीदर येथील वायुदलाचे केंद्र मात्र लढाऊ विमानांच्या प्रशिक्षणाशी संबंधित आहे. या दोहोंत गल्लत होऊ नये.

भूदलाचा मार्ग नाशिकला जातो. भूदलाची उड्डाण शाखा १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वतंत्र कोर म्हणून उभी राहिली. त्यापूर्वी तोफखान्याचे अधिकारी हवाई निरीक्षणाचे काम करीत. भूदलातील इच्छुक अधिकाऱ्यांची कल चाचणी आणि वैद्यकीय तपासणी होते. त्यांत उत्तीर्ण होणाऱ्यांना नाशिक रोडजवळील गांधीनगर येथील लष्करी उड्डाण प्रशिक्षण शाळेत हेलिकॉप्टर चालविण्याचे शिक्षण मिळते. देशभरातील तरुण अधिकारी ज्या विद्येसाठी येतात, ती शाळा महाराष्ट्रात आहे, ही बाब जिल्ह्यातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक तमिळनाडूतील अरक्कोणम येथील ‘आयएनएस राजाळी’ या केंद्रात घडतात. युद्धनौकेच्या डोलणाऱ्या मागील भागावर हेलिकॉप्टर उतरविणे हे त्यांचे विशेष कौशल्य होय.

प्रवेशाची दारे

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे दार म्हणजे पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. संघ लोकसेवा आयोग या प्रवेशासाठी वर्षातून दोन वेळा परीक्षा घेतो. अविवाहित उमेदवाराचे वय साधारणतः साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते. बारावीत शिकणारा विद्यार्थीही अर्ज करू शकतो. परीक्षेचे शुल्क १०० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उमेदवारांना ते माफ आहे. गणिताची प्रश्नपत्रिका ३०० गुणांची आणि सामान्य क्षमतेची ६०० गुणांची असते. त्यांत चुकीच्या उत्तरास गुण वजा होतात. लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीस तेवढेच, म्हणजे ९०० गुण असतात. पाच दिवस चालणाऱ्या या निवडीत बुद्धिमापन, मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील सामूहिक कामे आणि मुलाखत यांतून उमेदवाराच्या ठायी नेतृत्वगुण आहेत काय, हे पाहिले जाते.

दुसरे दार पदवीनंतरचे आहे. संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आणि वायुदलाची सामायिक प्रवेश परीक्षा या दोन्ही वर्षातून दोनदा होतात. वायुदलाच्या उड्डाण शाखेसाठी वय सर्वसाधारणपणे २० ते २४ वर्षे लागते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागाचे ‘सी’ प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी विशेष प्रवेशाचीही सोय आहे. सामायिक प्रवेश परीक्षेतून उड्डाण शाखेत जाणाऱ्यास अल्पसेवा नियुक्ती मिळते व तिची मुदत १४ वर्षांची असते.

तिसरे दार सेवेतील जवानांसाठी आहे. पात्र जवानास देहरादून येथील आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येते आणि पुढे तो उड्डाण शाखेसाठी इच्छा दर्शवू शकतो. वाट लांबची आहे, पण ती अस्तित्वात आहे.

वायुदलाच्या उड्डाण शाखेसाठी आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. संगणकावरील वैमानिक कल चाचणीत हात, डोळे आणि पाय यांचा मेळ, तसेच एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता तपासली जाते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेल्यास ती पुन्हा देता येत नाही. म्हणून केवळ अनुभव घेण्याच्या हेतूने तेथे जाऊ नये.

खरा निर्णय पंधराव्या वर्षी

वरील सर्व माहिती वाचून असे वाटेल की, मुलगा बारावीत गेला म्हणजे विचार करता येईल. नेमकी येथेच चूक होते. प्रबोधिनीतील वायुदल आणि नौदल शाखांसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय असणे आवश्यक आहे. पदवीनंतर वायुदलाच्या उड्डाण शाखेत जाऊ इच्छिणाऱ्याने कोणत्याही शाखेची पदवी किमान ६० टक्के गुणांनी घेतली तरी चालते, परंतु बारावीत गणित व भौतिकशास्त्र हे विषय आणि त्यांत प्रत्येकी किमान ५० टक्के गुण असावेच लागतात. प्रबोधिनीतील भूदल शाखेस कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी चालतो.

याचा अर्थ असा की, दहावीच्या निकालानंतर ज्या मुलीने गणित अवघड म्हणून सोडले, किंवा जीवशास्त्र घेण्यासाठी गणितास रजा दिली, तिच्यापुरते वायुदलाचे उड्डाणाचे दार त्याच आठवड्यात बंद झाले. पुढे पाच वर्षांनी ती कितीही गुणवान पदवीधर झाली, तरी ते उघडत नाही. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, असली तरी गणिताचे शिक्षक नाहीत, किंवा वर्गमैत्रिणी कला शाखेला गेल्या, अशा कारणांनी हा निर्णय होऊन जातो. तो घेताना आपण काय गमावीत आहोत, याची कल्पना ना मुलीला असते, ना पालकांना.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. प्रबोधिनीच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि सामान्य क्षमतेच्या ६०० गुणांपैकी २०० गुण इंग्रजी भाषेस आहेत. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यास गणित येत असूनही ‘व्युत्क्रम’ आणि ‘सदिश’ या संज्ञांचे इंग्रजी प्रतिशब्द ठाऊक नसतात. आठवीपासून गणित-विज्ञानाच्या प्रत्येक पाठातील पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर लिहिण्याची सवय शिक्षकांनी ठेवली, तर ही अडचण खर्चाशिवाय दूर होऊ शकते.

शरीराच्या बाबतीत वायुदलाचे निकष काटेकोर आहेत. उड्डाण शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर लागते. पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर आणि बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर या मर्यादेत असावी लागते, कारण आसनातून सर्व उपकरणांपर्यंत हातपाय पोहोचले पाहिजेत. लांबचे अस्पष्ट दिसण्याचा दोष या शाखेत चालत नाही आणि रंगांची ओळख निर्दोष असावी लागते. रंगांधळेपणा असलेल्या मुलास तो दोष कित्येकदा स्वतःलाही ठाऊक नसतो. ठिपक्यांच्या चित्रांची साधी तपासणी शालेय वयातच झाली, तर त्याची वर्षे वाया जात नाहीत आणि त्यास दुसरे चांगले ध्येय वेळेत निवडता येते. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेबाबतचे नियम प्रवेशमार्गानुसार भिन्न आहेत. म्हणून चालू अधिसूचना वाचल्यावाचून कोणतीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

महाराष्ट्रातील पूर्वतयारीच्या संस्था

देशातील पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाले. चंद्रपूर येथील सैनिक स्कूल २०१९ मध्ये आले. तेथे सहावी आणि नववीच्या वर्गात अखिल भारतीय प्रवेश परीक्षेने प्रवेश मिळतो. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, नववीची केवळ इंग्रजीतून असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलास मातृभाषेतून देता येणारी ही मौल्यवान संधी चौथी-पाचवीच्या शिक्षकांनी ओळखली पाहिजे. देहरादून येथील राष्ट्रीय भारतीय सैनिकी महाविद्यालयात आठवीला प्रवेश मिळतो आणि त्याची परीक्षा राज्यात महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतली जाते.

तुळजापूर येथे श्री तुळजाभवानी सैनिकी विद्यालय आहे. अशा सैनिकी शाळा आणि संरक्षण मंत्रालयाच्या संस्थेमार्फत चालणारी सातारा व चंद्रपूरची सैनिक स्कूल यांची व्यवस्था व प्रवेशपद्धती भिन्न आहे. नावातील साम्यामुळे पालकांची गफलत होते. दोन्हींतून प्रबोधिनीची परीक्षा देता येते, हे मात्र खरे.

दहावीनंतरचा सर्वांत उपयुक्त आधार म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था, जी ‘एसपीआय’ या नावाने परिचित आहे. प्रबोधिनीत महाराष्ट्रातील मुलांचे प्रमाण वाढावे, या हेतूने राज्य शासनाने ती १९७७ मध्ये स्थापन केली. लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून निवडलेली मुले तेथे राहून अकरावी-बारावीचा अभ्यास आणि प्रबोधिनीची तयारी एकत्र करतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिक येथे सुरू झाली. याशिवाय नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी निःशुल्क करून घेतली जाते. तेथील सत्रांची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून मिळते.

एक वाट, एक किंमत

नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे हे या संस्थेचे माजी विद्यार्थी होत. संस्थेतील शिक्षणानंतर त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि मग ते वायुदलात दाखल होऊन हेलिकॉप्टर वैमानिक झाले. बारावीनंतरच्या दाराने प्रवेश झाला नाही, तरी पदवीनंतरचे दार उघडे राहते, हे त्यांच्या वाटचालीवरून दिसते. बारावीतील गणित आणि भौतिकशास्त्र त्यांच्या हाती होते, म्हणूनच ते उघडे राहिले.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे त्यांचे ‘एमआय-१७’ हेलिकॉप्टर कोसळले. त्यात ते आणि त्यांचे पाच सहकारी, तसेच जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. आपल्याच क्षेपणास्त्राचा आघात या दुर्घटनेस कारणीभूत ठरला, असे वायुदलाने चौकशीअंती त्याच वर्षी मान्य केले. ही घटना येथे नमूद करण्याचे कारण असे की, या सेवेचे वर्णन करताना गणवेश, वेतन आणि मान यांबरोबरच तिची किंमतही सांगितली पाहिजे. विनाशुल्क परवाना मिळविण्याचे साधन म्हणून या वाटेकडे पाहू नये. येथे येणारा तरुण आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे आणि प्रसंगी प्राणही देशाच्या स्वाधीन करीत असतो. मुलाला प्रोत्साहन देणाऱ्या शिक्षकाने हे त्याच्या आईवडिलांसमोर बसून सांगावे. ऐकून घेतल्यानंतर त्यांनी दिलेला होकार अधिक टिकाऊ असतो.

मुलींसाठी उघडलेली दारे

वायुदलात महिला वैमानिक १९९४ पासून आहेत. १९९९ च्या कारगिल संघर्षात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी ‘चीता’ हेलिकॉप्टरे चालविली. भूदलाच्या उड्डाण शाखेत मात्र महिलांकडे दीर्घकाळ केवळ जमिनीवरील कामे होती. २५ मे २०२२ रोजी नाशिकच्या प्रशिक्षण शाळेतून कॅप्टन अभिलाषा बराक उत्तीर्ण झाल्या आणि त्या शाखेतील पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या. २०२४ मध्ये सब लेफ्टनंट अनामिका राजीव नौदलाच्या पहिल्या महिला हेलिकॉप्टर वैमानिक झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर प्रबोधिनीचे दार मुलींना खुले झाले आणि मे २०२५ मध्ये तेथून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ज्या मुली आज आठवी-नववीत आहेत, त्यांच्या मोठ्या बहिणींना ही संधी शाळकरी वयात नव्हती. घरातील अनुभवावरून त्यांना मार्गदर्शन मिळणे शक्य नाही. तो भार शाळेवरच आहे.

गावाने करावयाची कामे

२०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेल्या या जिल्ह्यात मोठ्या खर्चाची योजना आखण्यापेक्षा काही साधी कामे तत्काळ करण्याजोगी आहेत. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ‘रोजगार समाचार’ नियमितपणे यावा आणि प्रबोधिनी, सैनिक स्कूल व सेवा पूर्व शिक्षण संस्थेच्या जाहिराती फलकावर लावल्या जाव्यात. आठवीच्या मुलामुलींची दृष्टी आणि रंगओळख शालेय आरोग्य तपासणीच्या वेळी आवर्जून पाहिली जावी. गावातील माजी सैनिकास वर्षातून एकदा शाळेत बोलावावे. शिपायाच्या आणि अधिकाऱ्याच्या भरतीतील फरक तो अनुभवाने समजावू शकतो.

जन्मतारीख आणि नावाचे लेखन शाळेच्या दाखल्यावर, आधारपत्रावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर एकसारखे आहे, हे मुख्याध्यापकांनी पाहावे. वयाची मर्यादा जेथे दिवसांवर मोजली जाते, तेथे दाखल्यातील चूक उमेदवारास भोवते. सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीस प्रथमच जाणाऱ्या उमेदवारास रेल्वेभाडे परत मिळते, हेही पालकांना माहीत असावे. भाड्याच्या विवंचनेने मुलाखत चुकणे ही दुर्दैवाची गोष्ट होईल.

या सर्वांत महत्त्वाचे काम जून महिन्यातले आहे. दहावीचा निकाल हाती घेऊन विद्यार्थी अकरावीच्या प्रवेश अर्जासमोर बसतो, तेव्हा त्याच्या शेजारी जाणता माणूस बसला पाहिजे. त्याने गणित आणि भौतिकशास्त्र यांच्या चौकटीकडे बोट दाखवून एवढेच विचारावे : हे विषय सोडण्यापूर्वी त्यांच्याबरोबर काय काय सुटते, ते तुला ठाऊक आहे काय? ते ठाऊक असूनही विद्यार्थ्याने वेगळा मार्ग निवडला, तर तो त्याचा हक्क आहे. माहितीच्या अभावी मात्र जिल्ह्यातील एकाही मुलामुलीचा निर्णय होऊ नये.